दोन तासिकांची मराठी

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. मुलगी केंद्रीय मंडळाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत असून तेथे मराठीला आठवड्यातून जेमतेम दोन तासिका मिळतात. याबाबत नियम काय आहे?

उत्तर १ : महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानुसार, मंडळ वा माध्यम कोणतेही असो, पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे आणि ती न शिकवल्यास शाळेच्या जबाबदार व्यक्तीला १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

उत्तर २ : तरतूद खरी, मात्र विषय वेळापत्रकात असणे निराळे आणि भाषा शिकवली जाणे निराळे. घरी अस्खलित बोलणारी मुले जोडाक्षरांपाशी अडखळतात (माझा मुलगाही त्यांतलाच), कारण वाचन-लेखनाचा सराव दोन तासिकांत होत नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत तासिका वाढवण्याची मागणी लेखी मांडतो.