बल्ब बदलला तरी ऑफ्थॅल्मोस्कोप लुकलुकतो

ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आतला भाग बघायचं उजेडाचं उपकरण, नवा बल्ब घालूनही लुकलुकतोय म्हणता, तर दोष बहुधा हँडलमध्येच आहे. तळाचं झाकण उघडून स्प्रिंग बघा. अल्कलाइन सेल पाझरले की तिथे पांढरी पूड धरते. व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या काडीने ती पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून पूर्ण वाळू द्या. उपकरणाचं डोकं (भिंगं असलेला वरचा भाग) हँडलला जिथे जुळतं तो भागही पुसा. मला तरी बिघाड बऱ्याचदा तिथेच सापडलाय.

आणि बल्ब किती व्होल्टचा आणलात? दोन साध्या सेलच्या हँडलला सहसा २.५ चा लागतो, रिचार्जेबलला ३.५ चा. २.५ चा ३.५ च्या हँडलमध्ये घातला तर लवकर उडतो. उलट केलं तर उजेड मंद, पिवळट पडतो. अशा उजेडात ऑप्टिक डिस्कचा (डोळ्याच्या आत मागे दिसणारं दृष्टीच्या नसेचं टोक) फिकेपणा नजरेतून सुटू शकतो, रुग्णाचं नुकसान होतं, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय. बल्बच्या काचेला बोट लावू नका.

कोकणातल्यांनी पावसाळ्यात सेल काढून ऑफ्थॅल्मोस्कोप सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवावा, नाहीतर भिंगांवर बुरशी चढते. भिंगांची चकती मात्र घरी उघडू नका. ती चिमुकली भिंगं डायॉप्टरच्या (भिंगाच्या नंबरच्या) क्रमाने बसवलेली असतात.