मशीनचे पैसे जमले, पण उधारीचं काय?
कोणीतरी लिहिलंय की मशीनचं लोन पास झालं की नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप टाकायला हरकत नाही. अर्धंच पटलं. माझं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ (धातूचे भाग कातायची मशीन), जॉबवर्क म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचं काम करून देतो, आणि पहिल्या वर्षी मशीनच्या हप्त्याने नाही तर उधारीने जीव काढला. बिल फाडलं की पार्टीचे, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीचे, पैसे येवोत न येवोत, जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरायचाच, पगार 7 तारखेला, आणि माझा एक चेक तब्बल 92व्या दिवशी आला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने येणी लिहायचो, शेवटी तारखांवर तारखा चढल्या. त्यामुळे निदान तीन महिन्यांचा खर्च वेगळा ठेवल्याशिवाय राजीनामा देऊ नका, कळकळीने सांगतो.

अजून एक, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्याच दिवशी करा, फुकट आहे, ऑनलाइन होतं. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, करार नसेल तर 15. वर 2023-24 पासून असं झालंय की मुदत उलटून वर्षअखेरीला थकलेलं बिल पार्टीला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये त्यांचेच अकाउंटंट फोन करून उद्यम नंबर विचारतात. फक्त नुसती ट्रेडिंग करणाऱ्यांना हे संरक्षण नाही, माल बनवणाऱ्यांना आणि सर्व्हिस देणाऱ्यांनाच आहे. मी बिलावर नंबर छापूनच घेतलाय, जीएसटी नंबरच्या खाली, ठळक अक्षरात.