नव्या सिस्टरला पहिल्याच महिन्यात एकटीला नाइट द्यावी का?

वॉर्ड_सात: माझं मत, अजिबात नाही. जीएनएमची (नर्सिंगची पदविका) ३ किंवा बी.एस्सी. नर्सिंगची ४ वर्षं संपतात, नोंदणी होते आणि बऱ्याच खाजगी रुग्णालयांत महिन्याच्या आतच मुलगी वॉर्डात एकटी नाइटला. इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध), पोटॅशियम क्लोराइड देण्याआधी दोघींनी लेबल आणि डोस तपासायचा, हे आपणच तिला शिकवलेलं असतं. दुसरी सिस्टरच नसेल तर तपासणार कोण? पोटॅशियम डायल्यूट न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. अशा वेळी तिचे हात कापतात, कारण तिला धोका कळतोय. तिला घाबरट म्हणू नका.

जुनी_इन्चार्ज: मला हे पटत नाही. दिवसा डॉक्टर, सिनियर सगळे हाताशी असतात, नवीन मुलीवर निर्णयाची वेळच येत नाही. श्वासाचा वेग वाढलाय, बीपी पडायच्या आत डॉक्टरांना उठवायला हवं, हे जबाबदारी अंगावर पडल्यावरच समजतं. सोबतीला सिनियर दिली की प्रत्येक निर्णय तिच्यावर ढकलला जातो. खरी अडचण कॉलेजात आहे. क्लिनिकलला (वॉर्डातल्या प्रात्यक्षिकाला) फाइलवर सही मिळाली की मुली निघाल्या!

वॉर्ड_सात: मॅडम, सही देणाऱ्याही आपणच ना? भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ परिचारिका, इतरत्र ५ मागे १ असा आहे. तीस पेशंट एकटीवर असताना ती शिकत नाही, कशीबशी सकाळ गाठते.

नर्सिंगहोमवाला: माझं २५ खाटांचं हॉस्पिटल आहे. रात्री दोन सिस्टर परवडत नाहीत. शिकवून तयार केली की सरकारी भरतीत नाहीतर आखातात जाते.

जीएनएम_बॅच: सर, का जाते तेही बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ साली ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयांनाही किमान २०,००० रुपये पगार सुचवला होता. माझा पहिला पगार त्याच्या निम्माही नव्हता. वर मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवलेली.

जुनी_इन्चार्ज: प्रमाणपत्रं ठेवून घेणं चूकच, त्याचं समर्थन कुणीच करू नये. एकटीच्या नाइटबद्दल मात्र मी ठाम आहे.

वॉर्ड_सात: मग निदान इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम या तीन औषधांना शेजारच्या वॉर्डातली सिस्टर बोलवायची, असं तुमच्याकडे लेखी आहे का?

जुनी_इन्चार्ज: तोंडी आहे. लेखी असायला हवं, हे मान्य. मेट्रनकडे (मुख्य परिचारिकेकडे) मांडते.