फ्रंट लोडमध्ये कपडे नीट खळबळत नाहीत, रिन्स वाढवूनही फेस तसाच

मागीलदार:
मशीन 7 किलोचं फ्रंट लोड. वेंगुर्ल्याजवळ, घराच्या मागच्या पडवीत ठेवलेलं. पाणी विहिरीचं, विहीर जांभ्यातली, समुद्रापासून दोनेक किलोमीटर आत. पंपाने पाणी न्हाणीघरावरच्या टाकीत चढतं. टाकीचा तळ मशीनच्या नळापेक्षा साधारण 2 मीटर वर.

तक्रार अशी की शेवटच्या पाण्यातही दाराच्या काचेवर दोन बोटं फेस राहतो. टॉवेल वाळला की पापडासारखा कडक, आणि ओल्या हाताला लागला की बुळबुळीत. काळ्या पँटींवर पांढरे फराटे. कपडे पिळूनही हवे तसे निघत नाहीत, चादर हाताने पिळली तर अजून पाणी गळतं. प्रोग्रॅम कॉटन 40 अंश, त्यात मुळात 3 रिन्स. रिन्स प्लस दाबलं की 4. फरक नगण्य. पावडर फ्रंट लोडचीच, पाकिटावर दिल्याप्रमाणे दोन मापं. सांडपाण्याची नळी मशीनमागच्या हुकावरून खाली आणून, जोड देऊन, जमिनीवरून थेट माडाच्या आळ्यात सोडली आहे. आळं पडवीच्या जोत्यापेक्षा हातभर खाली. सर्व्हिसवाला म्हणतो बोर्ड (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) बदला. त्याआधी काय तपासावं?

पाना_पकड:
बोर्ड राहू दे बाजूला. बोर्ड गेला की मशीन अडतं, मध्येच थांबतं, एरर दाखवतं. फेस ठेवून कपडे बाहेर देणं हे बोर्डाचं लक्षण नाही.

आधी नळी बघा. पुष्कळांना वाटतं, मशीनमधला सांडपाणी फेकणारा पंप बंद म्हणजे पाणी बंद. पंप ही झडप नव्हे. तो थांबलेला असतो तेव्हाही त्याच्यातून पाणी आरपार जाऊ शकतं. नळी एकदा तुडुंब भरून वाहिली आणि तिचं तोंड ड्रमपेक्षा खाली, आळ्यात असेल, तर पाणी स्वतःच ओढलं जातं. डबक्यातून नळीने पाणी काढतात तसंच. मग मशीन वरून भरतंय, खालून आळ्यात जातंय. ठरलेल्या पातळीला पाणी टिकतच नाही, आणि रिन्सच्या वेळी कपडे नुसते ओलसर फिरतात.

खात्री करायला मशीनला पाणी भरायला लावा आणि आळ्यापाशी जाऊन उभे राहा. पंपाची घरघर नसताना नळीतून पाणी येत असेल तर दुसरं काही तपासायची घाई नको.

उपाय स्वस्त आहे. भिंतीला दोन इंची पीव्हीसी पाईप उभा मारा, वरचं तोंड उघडं, मशीनच्या बुडापासून 70 ते 80 सेंटिमीटर उंचीवर. मशीनची नळी त्यात वरून वीतभरापेक्षा कमी घाला, 10 ते 15 सेंटिमीटर पुरे. कडेने टेप किंवा कापड कोंबू नका. ती फट हवेसाठी हवी, हवा शिरली की ओढ तुटते. खालून पाईप न्या माडाला नाहीतर केळीला, उतार देऊन. उंची 60 च्या खाली नको आणि 100 च्या वर नको. फार वर नेली तर पंपाला पाणी पूर्ण फेकता येत नाही आणि उरलेलं परत ड्रममध्ये उतरतं.

खळबळ:
नळीचं पटलं. पण ती दुरुस्त करूनही फेस पूर्ण जाईल असं वाटत नाही, कारण पावडर फार होतेय. आणि रिन्स प्लसने फरक का पडत नाही तेही यातच आहे.

पाण्यातून काढणं म्हणजे किती वेळा पाणी घेतलं एवढंच नव्हे. प्रत्येक पाण्यानंतर कपडा किती पिळला गेला हे निम्म्याहून जास्त महत्त्वाचं. हिशेब करू. 5 किलो कपडे आहेत, मधल्या पिळणीनंतर त्यांत 4 लिटर साबणपाणी उरलं. मशीनने 12 लिटर नवं घेतलं. झाले 16, म्हणजे साबण चौथा हिस्सा. पुन्हा पिळून पुन्हा 12 लिटर: सोळावा हिस्सा. तिसऱ्यांदा चौसष्टावा. आता पिळलंच गेलं नाही आणि कपड्यांत 12 लिटर तसंच राहिलं असं धरा. नवं 12 घेतलं की साबण निम्मा. तीन रिन्सनंतर आठवा हिस्सा, रिन्स प्लस लावून सोळावा. तिथे पोचायला नीट पिळणाऱ्या मशीनला दोनच रिन्स लागतात. तुमच्या मशीनला चौसष्टाव्यापर्यंत यायला सहा पाणी लागतील. नदीवर कपडे धुणारी बाई प्रत्येक पाण्यानंतर पीळ का मारते ते या आकड्यांत दिसेल.

पिळलं का जात नाही? फेस. ड्रम आणि बाहेरच्या टबामधल्या फटीत फेस कोंबला गेला की ड्रमला गादीसारखा अडसर होतो, वेग धरत नाही. बरीचशी मशीनं फेस ओळखतात आणि मधली पिळणी सोडून देतात किंवा हळू फिरवतात. म्हणजे पावडर जास्त, म्हणून फेस, म्हणून पिळणी नाही, म्हणून साबण राहिला. तो वाळून टॉवेलात बसला, आणि पुढच्या धुण्यात वरून नवी दोन मापं.

जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी. त्यात डिटर्जंटचा फेस भरपूर होतो आणि मरत नाही. पाकिटावरचं माप जड पाणी आणि भरलेलं मशीन गृहीत धरून असतं. तुमच्याकडे 4 ते 5 किलो साध्या मळक्या कपड्यांना 25 ते 30 ग्रॅम पावडर पुरावी, म्हणजे दोन सपाट पोह्याचे चमचे. लिक्विड असेल तर 20 ते 25 मिली. पाकिटातला प्लास्टिकचा कप फेकून द्या, तो हाताला वाईट सवय लावतो.

आधी कपड्यांतला जुना साठा काढायला हवा. 3 किलो टॉवेल घाला, पावडर शून्य, कॉटन 40. दहा मिनिटांनी काचेतून बघा. एक कणही न घालता फेस आला तर तो मागच्या धुण्यांचा. फार चढला तर सॉफ्टनर अर्धं झाकण ड्रॉवरच्या मुख्य, म्हणजे पावडरीच्या कप्प्यात ओतून वरून तांब्याभर पाणी घाला. सॉफ्टनर उलट विद्युतभाराचा असतो, डिटर्जंटशी जोडी करून फेस पाडतो. असं दोन-तीनदा, काच जवळजवळ स्वच्छ दिसेपर्यंत. मऊ पाण्यात चार बुडबुडे कायम राहतील. त्यांच्या मागे लागू नका.

लिंबूसत्व:
पांढऱ्या फराट्यांबद्दल. ते सगळे न धुतला गेलेला साबण असतील असं नाही. पुष्कळ पावडरींत झिओलाइट, म्हणजे पाणी मऊ करणारी बारीक खनिज पूड असते, स्वस्त पावडरींत आणखी भरणी. हे पाण्यात विरघळतच नाही, फक्त तरंगत राहतं. पाणी कमी असलं की काळ्या कापडाच्या घडीत बसतं. ओळख सोपी आहे. फराटा कोरड्या बोटाने झटकला आणि पिठासारखा उडाला तर ते हे. ओल्या बोटाला बुळबुळ लागली तर डिटर्जंट. गडद कपड्यांना लिक्विड वापरा, पहिला प्रकार मुळातून जातो.

शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घाला असा सल्ला कुणीतरी देईलच. कडकपणा कमी होतो हे खरं, पण कपड्यांत डिटर्जंट तसंच, फक्त अल्कली मेली. आणि रोज घातलं तर दाराच्या रबराला चांगलं नाही. एकदा-दोनदा ठीक.

खळबळ:
व्हिनेगरवर सहमत. भरणीचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता.

मागीलदार:
तपासलं. पाना_पकड यांचं बरोबर निघालं: भरताना पंप गप्प, आणि आळ्यात करंगळीएवढी धार चालू. पीव्हीसी पाईप आज उभा केला, तोंड 75 सेंटिमीटरवर. पावडर न घालता टॉवेल तीनदा फिरवले. पहिल्या वेळी निम्मी काच फेसाने भरली, तिसऱ्या वेळी कडेला थोडे बुडबुडे. पिळणीचा आवाजही वेगळा येतोय, चढत जाणारा.

दोन गोष्टी राहिल्या. मशीनला पाणी भरायला बराच वेळ लागतो, आणि ड्रॉवरच्या पावडरीच्या कप्प्यात धुण्यानंतरही ओला लगदा चिकटून असतो.

पाना_पकड:
तो लगदा म्हणजे तुमच्या फेसाचा तिसरा हिस्सेदार. बहुतेक मशीनांत रिन्सचं पाणीही पावडरीच्याच कप्प्यातून आत जातं. धुण्याच्या वेळी न गेलेली पावडर मग रिन्सच्या पाण्याबरोबर हप्त्याहप्त्याने उतरते. म्हणजे तुम्ही कपडे साबणातच खळबळत होता.

कारण दाब. 10 मीटर उंचीला 1 बार, म्हणून 2 मीटरला 0.2. मशीनच्या माहितीपुस्तकात किमान दाब दिलेला असतो, 0.3 किंवा 0.5 बार असा. कुठे तो 0.03 किंवा 0.05 मेगापास्कल लिहितात, आकडा तोच. म्हणजे टाकीचा तळ नळापासून निदान 3 मीटर, बरं म्हणजे 5 मीटर वर हवा. चिऱ्याचा चौथरा बांधून टाकी उचलायची तर खर्च आणि वजन दोन्ही बघा. 500 लिटरची भरलेली टाकी अर्धा टन होते, न्हाणीघराच्या जुन्या स्लॅबवर ते नको. त्यापेक्षा मशीनच्या लाइनीवर छोटा बूस्टर पंप बसवा, पाणी वाहू लागलं की आपोआप चालू होणारा. इनलेट नळी मशीनबरोबर आलेलीच ठेवा. बागेची साधी नळी दाबाने फुगते आणि पाणी मशीनच्या पाठीवर सुटतं.

पण पंप विकत आणण्याआधी जाळी बघा. नळ बंद करा, प्लग काढा, मशीनमागची इनलेट नळी सोडा. व्हॉल्वच्या तोंडात बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी असते. पकडीने मधला दांडा धरून सरळ ओढा, पिळू नका, तुटतो. विहिरीवर असलेल्या घरात ती जाळी पाऊस सुरू झाला की लाल मातीने लिंपलेली सापडते, कुंभाराने सारवल्यासारखी. जुन्या टूथब्रशने धुवा. नळीच्या नळाकडच्या टोकालाही कधी दुसरी असते. मग टाकीतून येणाऱ्या पाईपला गाळणी लावा, जाळी धुवायला उघडता येईल अशी.

मोजायचं तर नळीचं मशीनकडचं टोक बादलीत धरा. 10 लिटरची बादली दोन मिनिटांत भरत नसेल तर पाणी कमी आहे. व्हॉल्वमधून ते आणखी कमी होतं.

तोवर पावडर ड्रॉवरमध्ये घालूच नका. लिक्विड डब्यातून थेट ड्रममध्ये ठेवा, नाहीतर पावडर मगभर कोमट पाण्यात विरघळवून मुख्य कप्प्यात ओता.

खळबळ:
जोडून एक. ड्रम किती भरता? वर मूठ आडवी जाईल एवढी जागा हवी. मोठी सोलापुरी चादर एकटी टाकू नका. ती एका बाजूला गोळा होते, तोल जातो आणि मशीन पिळणी सोडून देतं, वर लिहिलेला सगळा हिशेब पुन्हा फिसकटतो. बरोबर दोन टॉवेल द्या. पडवीची जमीन समतल नसेल तर चारही पाय स्पिरिट लेव्हलने नेमके करून नट घट्ट करा. चाकांच्या स्टँडवर असेल तर ते काढाच.

आणि रोजच्या थोड्या कपड्यांना सिंथेटिकचा प्रोग्रॅम वापरून बघा. भार निम्मा, 3 किलोच्या आसपास, पण कपड्यांच्या मानाने पाणी जास्त घेतो.

मागीलदार:
जाळीतून खरंच चमचाभर माती निघाली. पाणी भरायचा वेळ जवळजवळ निम्मा झाला, पंपाचं पुढे बघू. पण उन्हाळ्यात आमचं पाणी थोडं मचूळ होतं, खाडी जवळ असल्याने. तेव्हाही दोनच चमचे पावडर का?

लिंबूसत्व:
नाही. खाऱ्या पाण्याबरोबर कॅल्शियम-मॅग्नेशियमही येतं, फेस कमी होतो आणि डिटर्जंटचा काही भाग त्यांच्यातच खर्च होतो. तेव्हा तीन-चार चमचे लागतील. मात्र अंदाजाने वाढवू नका. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाणी तपासायचे संच दिले आहेत आणि ते वापरायला गावातल्या बायकांना शिकवलं आहे, ग्रामपंचायतीत विचारा. त्यात पाण्याचा जडपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियम किती ते) आणि क्लोराइड (खारेपणा) दोन्ही कळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत योग्य धरतात, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. तुमचा आकडा 100 च्या आत असेल तर दोन चमचे. 200 च्या पुढे गेला की चार.

घरच्या घरी पाहायचं तर स्वच्छ बाटलीत पेलाभर पाणी, अंगाच्या साबणाचा नखाएवढा किस, झाकण लावून हलवा. वर ताठ फेस आणि खाली पाणी नितळ, तर मऊ. फेस बसला आणि पाणी दुधट होऊन वर साका आला, तर जड. डिटर्जंटने ही परीक्षा होत नाही, साबणच हवा.

क्लोराइड जास्त निघालं तर धुणं संपल्यावर ड्रममध्ये कपडे रात्रभर ठेवू नका आणि दार उघडं टाका. खारट ओल बंद ड्रममध्ये राहिली तर पत्र्याला डाग धरतात.

पाना_पकड:
दार उघडं टाकायचं पावसाळ्यातही, नाहीतर रबराच्या घडीत कुबट वास बसतो. आणि त्या उभ्या पीव्हीसीच्या तोंडावर, नळी आणि पाईपमधल्या फटीपुरती, जाळी बांधा. पाण्याच्या वाटेत नको, हवा जाईल एवढी मोकळी ठेवा. नाहीतर मृगाच्या पहिल्या पावसात बेडूक आत उतरणार आणि आणखी एक सर्व्हिसवाला बोर्ड बदलायला सांगणार.