मदत हवी आहे: हिमनदीच्या तोंडाशी राहणाऱ्या स्टोनफ्लायचा नकाशा कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

हवामानबदलावर विद्यार्थ्यांसाठी भित्तिपत्रक करतोय. त्यात अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्याच्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधला एक कीटक घेतलाय: लेडनिया टुमाना, स्टोनफ्लायची एक प्रजाती. २०१९ मध्ये तिला तिथल्या कायद्याचं संरक्षण मिळालं. असल्या बारक्या जिवाकडे कोणी वळून बघत नाही, म्हणून मुद्दाम हाच निवडला.

घोडं अडलंय ते नकाशापाशी. बहुतेक नोंदी पार्कमधल्याच आहेत, तेव्हा अख्खा पार्क रंगवणं सोपं. पण मग खालची जंगलं, सरोवरं, रुंद नद्या सगळ्याच त्या रंगाखाली जातात, आणि तिथे हा कीटक नसतोच. त्याची पिल्लं वाढतात ती हिमनदी, कायमचा बर्फ किंवा थंडगार झरा यांच्या लगेच खाली, ओढ्याच्या पहिल्या साधारण ५०० मीटरांत. आजूबाजूला उघडा खडक, आणि पाणी भर उन्हाळ्यातही १० अंश सेल्सिअसच्या आत. त्याच ओढ्याने आणखी खाली उतरलं की पिल्लं मिळेनाशी होतात. पार्कचा नकाशा पानभर छापला तर हा पट्टा पेन्सिलच्या टिंबाएवढाही भरत नाही.

दुसरी पंचाईत काळाची. १८५० च्या सुमारास तिथे दीडशेच्या आसपास हिमनद्या होत्या, २०१५ च्या मोजणीत २६ उरल्या. जुन्या नोंदी आणि आजचा बर्फ एकाच नकाशावर दाखवले तर मुलांची दिशाभूल होईल का? आणि नकाशात नुसता हिमनद्यांचा थर (लेयर) घेऊन भागेल का? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

विषय छान निवडलाय. पार्क अजिबात रंगवू नका. फक्त सीमारेषा ठेवा, आत प्रत्यक्ष नोंदींचे ठिपके द्या आणि प्रत्येकाला वर्षानुसार रंग. एका ओढ्याचा चौकटीत मोठा करून तुकडा दाखवा: वर बर्फ, खाली ५०० मीटरांची जाड रेघ.

नुसत्या हिमनद्या घेऊ नका. झरे आणि साचलेला बर्फ तर हवाच, शिवाय दगडगोट्यांखाली गाडलेल्या बर्फातून झिरपणारं पाणीही. वरचा बर्फ गेला तरी ते बराच काळ थंड राहतं, म्हणून संशोधकांना तिथे आशा वाटते.

आणि १० अंशांची लक्ष्मणरेषा आखू नका. प्रयोगशाळेत ही पिल्लं थोडा वेळ यापेक्षा बऱ्याच गरम पाण्यात तगली आहेत. ओढ्यात ती तिथवरच का थांबतात, याला तापमानाखेरीज इतर कारणंही असू शकतात. नकाशाखाली 'आढळ थंड पाण्यात' एवढंच लिहा.

धागाकर्ता

मनापासून आभार! चौकटीची कल्पना लगेच घेतो. दगडाखालच्या बर्फाचा नकाशा-थर कुठे मिळेल, तेही कुणाला माहीत असेल तर कळवा.