झोप मोडल्यामुळे सांधे झिजतात का? जनुकांची साक्ष किती धरायची?
(एक चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उत्तररात्र
आईचा गुडघा दुखायला लागला त्याच्या तीनेक वर्षं आधीच तिची झोप गेली होती. रात्री दोनला उठून पलंगाच्या कडेला बसायची, मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. डॉक्टरांनी मात्र क्रम उलटा लावला: गुडघा दुखतो म्हणून झोप लागत नाही.

एका घरातल्या आठवणीवरून काही सिद्ध होत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल. म्हणून मेंडेलियन रँडमायझेशनबद्दल, म्हणजे जनुकांच्या आधारे कारण आणि परिणाम तपासण्याच्या पद्धतीबद्दल, वाचत गेले. कल्पना साधी आहे. आईवडिलांकडून कुठलं जनुक कोणाच्या वाट्याला येईल याची सोडत जन्माआधीच निघालेली असते आणि पुढे गुडघा कितीही दुखला तरी ती बदलत नाही. जन्मतः निद्रानाशाकडे कल असलेल्यांमध्ये ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांच्या झिजेचा आजार, जास्त आढळला, तर ‘दुखण्यामुळे झोप गेली’ एवढं उत्तर पुरत नाही. संशोधक मार्टाइन कातान यांनी १९८६ साली कोलेस्टेरॉल आणि कर्करोगाच्या संदर्भात हा विचार मांडला, आणि २००३ मध्ये डेव्ही स्मिथ आणि इब्राहिम यांनी त्याला पद्धतीचं रूप दिलं.

आता त्यासाठी लागणारी माहितीही भरपूर आहे. २०१९ मध्ये १३ लाखांहून जास्त लोकांच्या अभ्यासातून निद्रानाशाशी जोडलेल्या २०२ जागा जनुकसंचात सापडल्या. २०२१ मध्ये ८ लाख २६ हजार लोकांच्या अभ्यासातून ऑस्टिओआर्थ्रायटिसशी जोडलेल्या जागांची यादी आली. या प्रकारच्या याद्या जोडून पाहिल्या की झोपेच्या तासांबाबत चित्र धूसर राहतं, पण निद्रानाशाचा बाण पुन्हा पुन्हा सांध्यांकडेच वळतो.

माझं मत स्पष्ट आहे. निद्रानाश हे सांधेदुखीचं एक कारण आहे, आणि गुडघा दाखवायला आलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत झोपेबद्दल विचारलं पाहिजे.

आकडेमोड
सोडतीचा मुद्दा मान्य. पण हातात आलेल्या चिठ्ठीवर काय लिहिलंय हेच पक्कं माहीत नसेल तर?

‘निद्रानाशाची जनुकं’ ठरली कशी ते बघा. त्या २०१९ च्या अभ्यासातला एक मोठा हिस्सा यूके बायोबँकेचा, म्हणजे ब्रिटनमधल्या लोकांच्या आरोग्याच्या आणि जनुकांच्या माहितीच्या मोठ्या साठ्याचा. २००६ ते २०१० दरम्यान ४० ते ६९ वयाची सुमारे ५ लाख माणसं त्यात घेतली. त्यांना विचारलं, झोप लागायला त्रास होतो का किंवा मध्यरात्री जाग येते का? उत्तरं तीनच: क्वचित किंवा कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा. जाग कशामुळे येते हे त्या प्रश्नात नाही. त्या वयात कित्येकांना गुडघा, कंबर किंवा खुबाच जागं करत असणार. मग दुखण्याचं जनुक ‘झोपेचं जनुक’ म्हणून यादीत शिरतं. उलटा कार्यकारणभाव पुढच्या दाराने हाकलला, तो मागच्या दाराने आत आला.

दुसरं, एमईआयएस१ हे जनुक घ्या. निद्रानाशाच्या यादीत ते ठळक आहे आणि रेस्टलेस लेग्जच्या, म्हणजे पाय शिवशिवून रात्री स्वस्थ पडू न देणाऱ्या आजाराच्या यादीतही. शिवाय गर्भात हातपाय घडतानाही ते काम करत असतं. अशा जनुकाचा सांध्याशी संबंध दिसला तर तो झोपेच्या वाटेनेच आला असं कशावरून? एक जनुक अनेक कामं करतं, आणि या पद्धतीची दुबळी बाजू नेमकी तिथेच आहे.

तिसरं म्हणजे दोन्ही मोठ्या अभ्यासांत यूके बायोबँकेची माणसं आहेत. साक्षीदार दोन वाटतात, पण थोडेफार तेच ते आहेत. एवढ्यावरून ‘कारण’ म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

उत्तररात्र
एका जनुकावर कोणी विसंबत नाही. वेगवेगळी कामं करणारी शेकडो जनुकं एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर ती सगळीच फितूर कशी असतील? संशयास्पद जनुकं वगळून गणित पुन्हा करता येतं, काही जनुकं फितूर असली तरी निष्कर्ष टिकतो का हे तपासणारी एगर किंवा भारित मध्यकाची पद्धत लावता येते, तसं केलंही जातं.

आणि शरीरशास्त्रही गप्प नाही. कूर्चेच्या, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत अस्तराच्या, पेशींमध्ये स्वतःचं दिवसरात्रीचं घड्याळ असतं. २०१६ मध्ये मँचेस्टरच्या गटाने उंदरांच्या कूर्चापेशींमधून बीमाल१ हे घड्याळाचं जनुक काढलं, तर त्यांची कूर्चा हळूहळू झिजत गेली.

आकडेमोड
त्या उंदरांची झोप मोडली नव्हती, घड्याळाचा एक भाग मोडला होता. तेही फक्त कूर्चेत. रात्री दोनला जागा होणारा माणूस आणि बीमाल१ नसलेली पेशी यांच्यामध्ये बरंच अंतर आहे. आणि एगरसारख्या पद्धतींच्याही स्वतःच्या अटी असतात. सगळीच जनुकं मुळात वेदनेच्या किंवा लठ्ठपणाच्या वाटेने झोपेशी जोडलेली असतील, तर त्या पद्धतींनाही ते ओळखता येत नाही.

सांधेसोबत
मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्हा दोघांच्या वादातून एक गोष्ट निसटते आहे, आणि माझ्या मते तीच मुख्य आहे. ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे नेमकं काय मोजलंत?

एक्स-रेवर झीज ठरवायची केलग्रेन-लॉरेन्स ही श्रेणी १९५७ पासून वापरात आहे. चौथ्या, म्हणजे सगळ्यात जास्त झिजेच्या श्रेणीचा गुडघा घेऊन जिना चढणारी माणसं मी रोज बघते. उलट एक्स-रे जवळजवळ स्वच्छ, पण खुर्चीवरून उठताना दोन्ही हात मांडीवर दाबून, ओठ घट्ट मिटून उठणारीही बघते. जनुकांच्या अभ्यासातले बहुतेक ‘रुग्ण’ दवाखान्याच्या नोंदीतून किंवा त्यांच्या स्वतःच्या सांगण्यावरून ठरलेले असतात. म्हणजे ज्यांना दुखलं, जे दाखवायला गेले, ते रुग्ण.

झोपेचं खोबरं झालं की वेदना सहन करण्याची ताकद कमी होते, हे निरोगी माणसांवरच्या प्रयोगांतही दिसलेलं आहे. त्यात सलग पण कमी झोपेपेक्षा वारंवार मोडणारी झोप जास्त त्रास देते. तेव्हा निद्रानाशाची जनुकं असलेल्यांची कूर्चा इतरांइतकीच राहूनही त्यांना जास्त दुखू शकतं, ते लवकर दाखवायला जातील आणि त्यांची नोंद होईल. बाण खरा असेल, पण तो कूर्चेवर बसतोय की वेदनेवर हे या याद्यांवरून कळत नाही.

उत्तररात्र ताई, तुमच्या आईच्या बाबतीत तुम्ही लावलेला क्रम मला खोटा वाटत नाही. झीज आधीपासून मुकी असेल, झोप गेली आणि ती बोलायला लागली.

पायवाट
माझ्या दोन्ही गुडघ्यांत झीज आहे म्हणून लिहिते. एका दवाखान्यात मला तोंडावर सांगितलं होतं, ‘वेळेवर झोपला असतात तर ही वेळ आली नसती.’ त्या रात्री मी झोपच लागावी म्हणून घड्याळाकडे बघत पडून राहिले, आणि अर्थातच लागली नाही. ज्याला झोप येत नाही त्याच्यावर गुडघ्याचंही खापर फोडायचं, हे ‘जनुकांनी सिद्ध केलं’ म्हणून होणार असेल तर मला त्याची भीती वाटते. वजन आणि गुडघा यांचा संबंध जनुकांच्या अभ्यासांतही भक्कम आहे, मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाने दुखणं कमी होतं हेही पक्कं आहे. आधी ते तर नीट सांगा.

उत्तररात्र
पायवाट ताई, तुम्हाला जे ऐकून घ्यावं लागलं ते अन्यायाचं आहे. निद्रानाश ही कोणी निवडलेली सवय नसते. जनुकांची सोडत तेच तर सांगते.

सांधेसोबत यांचा मुद्दा पटला. ‘सांधे झिजतात’ हे शब्द मी मागे घेते. ‘दुखणं वाढतं’ हे घेत नाही. रुग्णाला तर दुखण्याचंच पडलेलं असतं ना?

आकडेमोड
मग ते उपचार करून तपासायला हवं, आणि तसं झालंही आहे. अमेरिकेत साठीपुढच्या ३२७ सांधेदुखीच्या रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २०२१ मध्ये आला. फोनवरून सीबीटी-आय, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेची धास्ती यांवर काम करणारा बिनऔषधी उपचार. झोप सुधारली आणि वर्षभर टिकली. दुखणं उपचार संपताना कमी होतं, पण वर्षाअखेरीस हा उपचार मिळालेला आणि न मिळालेला अशा दोन गटांत फरक उरला नाही. झोप हे ठोस कारण असेल तर ती टिकली असताना दुखणं का परतलं?

सांधेसोबत
झोप हे अनेक कारणांपैकी एक असेल म्हणून. मलाही त्या निकालाने थोडं निराश केलं. पण वर्षभर शांत झोपलेल्या माणसाला मी अपयश म्हणणार नाही.

झिजेचा वाद मिटवायचा तर ‘रुग्ण आहे की नाही’ हे बाजूला ठेवून एमआरआयवरची कूर्चेची जाडी किंवा एक्स-रेवरचं सांध्यातलं अंतर घ्या, आणि निद्रानाशाची जनुकं त्याच्याशी जुळतात का बघा. तिथे बाण लागला तर आकडेमोड, तुम्ही मानाल?

आकडेमोड
यूके बायोबँकेबाहेरच्या माणसांवरही लागला, तर मानेन.