मलावीचा पिटुकला शॅमेलिऑन: सापडला म्हणजे वाचला का?

रानवेडी:
चॅपमनचा पिग्मी शॅमेलिऑन (सरड्याची एक पिटुकली जात) नामशेष झाला असावा अशी भीती होती, तो २०१६ मध्ये आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिणेला मलावी हिल्स या डोंगरांत पुन्हा दिसला, एवढं वाचलंय. बातमीखाली सगळे अभिनंदन करून मोकळे झालेत. आता धोका टळला का? जेमतेम साडेपाच सेंटिमीटरचा जीव, त्याला असं किती जंगल लागणार? थोडे पकडून दुसऱ्या चांगल्या रानात सोडले तर भागणार नाही का?

पालापाचोळा:
नाही, धोका टळलेला नाही. त्या बातमीने मलाही फार आनंद झाला होता. पण १९८४ ते २०१९ या काळात मलावी हिल्समधलं सुमारे ८० टक्के जंगल गेलंय, बहुतेक शेतीसाठी. उरलेत ते तुकडे, आणि मध्ये उघडी शेतं.

आता हा प्राणी कसा जगतो ते बघा. उंच फांद्यांवर राहणारा शॅमेलिऑन नव्हे हा. शेपूट आखूड, रंग वाळक्या पानाचा, दिवस जातो पाचोळ्यात. रात्री एखाद्या बुटक्या रोपट्यावर चढून पानावर झोपतो. झोपेत अंग फिकट पडतं, म्हणून शोधणारे अंधार पडल्यावरच निघतात. टॉर्च मारला की हिरव्या पानांत तो पांढुरका उठून दिसतो. या गटातले शॅमेलिऑन पकडले की अंगातून बारीक थरथर सोडतात, मुठीत फोन व्हायब्रेट व्हावा तशी. सावली, ओल, पाचोळा यातलं काहीच नसलेलं तापलं शेत ओलांडून असा जीव पलीकडे जाणार कसा?

संशोधक क्रिस्टल टॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं हेच आलंय: तुकड्यातुकड्यांत राहणाऱ्या शॅमेलिऑनमधली जनुकीय देवाणघेवाण विस्कटली आहे. त्यामुळे जंगल किती, याच्याइतकंच ते सलग आहे का हेही बघावं लागतं.

आणि दुसरीकडे सोडण्याचं म्हणाल तर ते झालेलं आहे! या प्रजातीचं शास्त्रीय वर्णन १९९२ मध्ये कॉलिन टिलबरी यांनी केलं, आणि १९९८ मध्येच ३७ शॅमेलिऑन सुमारे ९५ किलोमीटर उत्तरेला मिकुंडीच्या रानात सोडले गेले. २००१ आणि २०१२ मध्ये जाऊन पाहिलं तर ते तिथे टिकून होते. ज्यांना हे वेळेवर सुचलं त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण ३७ जीवांपासून वाढलेल्या वसाहतीत त्या ३७ जणांनी आणलेलं वैविध्यच असणार. बाकीचं सगळं अजून मलावी हिल्समधल्या तुकड्यांत आहे, आणि ते तुटू द्यायचं नसेल तर तिथलीच झाडं राखायला हवीत.

नदीकाठ:
पटलं, पण तोडणाऱ्यांचाही विचार व्हावा. हा डोंगर न्सान्जे जिल्ह्यात येतो, शिरे नदीच्या खालच्या खोऱ्यात. तिथे पूर आणि दुष्काळ दोन्ही पाठ सोडत नाहीत; २०१९ चं इडाई, २०२३ चं फ्रेडी, दोन्ही चक्रीवादळांचा फटका दक्षिण मलावीला बसला. खालचं पीक वाहून गेल्यावर माणूस वर सरकणारच. त्याच्या हातात नुसती बंदीची नोटीस दिली तर तो खाणार काय?

रानवेडी:
आणि पाळायला म्हणून चोरून नेणारे? ते नाहीत का?

पालापाचोळा:
नदीकाठ, अगदी बरोबर. मी झाडं राखायची म्हणतो त्यात त्या घरांच्या पोटापाण्याची सोय धरूनच म्हणतो, नाहीतर एक पावसाळाही ते टिकणार नाही. उतारावरचं जंगल पाणी आणि माती धरून ठेवतं, ते खालच्या शेतालाही हवंच आहे. बोलणी तिथून सुरू करता येतील.

रानवेडी, या गटाच्या व्यापारावर जगभर लक्ष आहे. साइट्स म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणारा करार; त्याच्या २०१६ च्या जोहान्सबर्गच्या परिषदेत हा सगळा गट परिशिष्ट दोनमध्ये घेतला, म्हणजे देशाबाहेर नेताना परवाना लागतो. ते हवंच होतं. पण अतिसंकटग्रस्त यादीत हा शॅमेलिऑन आहे तो मुख्यतः जंगलतोडीमुळे. म्हणून माझा आग्रह या क्रमाने: आधी उरलेल्या तुकड्यांतली तोड ताबडतोब थांबवायची, मग मधल्या पट्ट्यांत स्थानिक झाडं लावून ते पुन्हा जोडायचे. लावलेल्या झाडांखाली सावली आणि पाचोळा साठायला वर्षं लागतील, म्हणूनच थांबवण्याचं काम आधी.